एक खाडाखोड झाली की अख्खं पान फाडायचं, ही सवय माझ्याकडून लेकीकडे गेलीय. कशी सोडवू?

ज्वारीचं_कणीस | रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज झोप लागेना म्हणून लिहायला बसलेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापुरात राहते, सुताच्या एका पेढीत अकाउंट्स बघते, सोळा वर्षं झाली. मुलगी नववीत. आज तिची खोली झाडताना कॉटखाली वहीची चुरगाळलेली पानं सापडली, मोजली तर अकरा. सगळ्यांवर तेच, भूगोलाच्या प्रकल्पाचं पहिलं पान. कुठे वेलांटी चुकलीय, कुठे शाईचा ठिपका पडलाय, आणि एका पानावर तर मला काहीच सापडलं नाही, ट्यूबलाइटखाली धरून बघितलं तरी नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मम्मी, त्यातला 'प्र' वाकडा आलाय." प्रकल्प द्यायची तारीख तीन दिवसांपूर्वीच होऊन गेली. दिलाच नाही तिने. बाईंना सांगितलं घरी विसरले.

ती खोटं बोलली याचं वाईट वाटलं, पण रडू आलं ते त्याचं नाही. ही पानं फाडायला मीच शिकवलंय. ती तिसरीत असताना शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, चित्र घरून काढून न्यायचं होतं, तिने सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं काढलं होतं, तळ्याचं पाणी रेषेबाहेर गेलेलं. ती झोपल्यावर मी रात्री बसून ते सगळं खोडून परत काढलं. बक्षीस मिळालं त्याला. ते सर्टिफिकेट तिने आजपर्यंत भिंतीवर लावू दिलेलं नाही आणि मी इतकी वर्षं म्हणत होते की लाजाळू आहे पोरगी.

घरातही तेच. आमच्याकडे चार-पाच दिवसाआड पाणी येतं, इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाण्याच्या दिवशी मी सगळ्या घराला वेठीला धरते. बॅरल घासलाच पाहिजे, तांब्याचे हंडे चिंचेने लखलखीतच झाले पाहिजेत, भरून झालं की झाकणं एका ओळीत, मग उरलेल्या पाण्यात गॅलरी आणि पायऱ्या, आणि ते सगळं साडेआठच्या आत कारण नंतर ऑफिस. मागच्या महिन्यात नवरा एवढंच म्हणाला की पाणी आलं की बाकीच्यांच्या घरात सण असतो, आपल्याकडे परीक्षा असते. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मला चांगलं काम करणं सोडायचं नाहीये. पण पोटात सतत जो गोळा असतो ना, कुठेतरी काहीतरी चुकलंय आणि ते आत्ता कोणीतरी येऊन दाखवणार, तो सोडायचाय. माझ्यासाठी आणि आता जास्त करून तिच्यासाठी. कोणाला जमलंय का? कसं?

---

हुतात्मा_पकडणारा | रात्री १२:१५

ताई, तुमची लेक म्हणजे मीच. मूळचा होटगी रोडचा, आता पुण्यात.

तीन वर्षं स्पर्धा परीक्षा केली, पेठेत कॉट बेसिसवर राहून. माझ्या नोट्स बघायला दुसऱ्या अभ्यासिकेतली पोरं यायची. हेडिंग लाल, कलमं निळी, न्यायालयाचे निकाल हिरवे, समासात तारखा. राज्यघटनेच्या नोट्स मी पाच वेळा लिहून काढल्या. आणि टेस्ट सिरीजचे पेपर कपाटावर गठ्ठ्यात तसेच, कारण सिलॅबस पूर्ण व्हायच्या आधी सोडवले आणि मार्क कमी पडले तर मग कळेल ना सगळ्यांना, म्हणजे मला. घरी फोन केला की पप्पा अभिमानाने शेजाऱ्यांना सांगायचे पोरगं लय अभ्यास करायलंय. अभ्यास नव्हताच तो, लपून बसणं होतं. पूर्वपरीक्षा दोनदा थोडक्यात गेली आणि तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही, म्हटलं अजून तयारी झाली नाही.

तुमच्या लेकीने प्रकल्प दिला नाही ते आळसाने नाही हे तुम्ही ओळखलंत, हेच लय मोठं आहे. माझ्या घरी कोणाला कळलंच नव्हतं, मलापण नव्हतं.

---

मागावरचा_माणूस | सकाळी ६:०५

बाई नमस्कार. आमची पूर्व भागात तिसरी पिढी मागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, लिहिण्यात कमी-जास्त झालं तर समजून घ्या.

तुमची पोस्ट वाचून वडिलांची आठवण आली. ते नवीन पोराला मागावर उभं केलं की पहिले विणायला नाही शिकवायचे, गाठ मारायला शिकवायचे. तार तुटतेच. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की जास्तच तुटते, सुताला ओल लागते. तुटली की माग थांबवायचा, टोक शोधायचं, फणीतून ओवून घ्यायचं, गाठ मारायची, बोटाने दाबून बघायची, माग चालू. एवढंच काम. एक पोरगा होता आमच्याकडे, हात एकदम सफाईदार, पण त्याला गाठ सहन व्हायची नाही. गाठ दिसली की विणलेलं उलटं सोडवत बसायचा, सोडवताना शेजारची तार ताणली जायची आणि ती तुटायची. संध्याकाळी त्याच्या मागावर सगळ्यात कमी माल, आणि गाठी सगळ्यात जास्त. वडील त्याला रागवायचे नाहीत, त्याच्या शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, मार गाठ, मी बघतो, मार.

सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे ना, ती चादर उलटी करून नीट बघा. गाठ सापडंल तुम्हाला. ज्याला जास्त डाग तो सेकंडचा माल म्हणून वेगळा काढतो आम्ही, कमी भावात जातो. माझ्या घरात लहानपणापासून सगळ्या चादरी सेकंडच्या. त्याच पांघरून आम्ही चार भावंडं मोठी झालो, थंडी काही आत आली नाही.

तुम्ही पोरीच्या शेजारी उभं राहा. बाकी करायला लागत नाही काही.

---

सात_रस्ता_रोखठोक | सकाळी ९:३०

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्या गावाला परफेक्शनचा आजार झालाय असं मला कुठेच दिसत नाही, उलटाच झालाय. रस्ता खोदतात आणि तसाच सोडतात. प्लंबर नळ बसवून जातो आणि आठवड्यात गळतो, विचारलं तर "चालतंय की साहेब." त्यात जर नीट काम करणारी चार माणसं आहेत आणि त्यांनाच आपण सांगायला लागलो की सोडा, ढिलं करा, तर उरणार काय? माझा मुलगा गणितात स्टेप्स गाळतो, मी रोज ओरडतो. चुकलं का माझं? मला खरंच विचारायचंय.

---

ओटी_सिस्टर | दुपारी २:५०

दादा, प्रश्न बरोबर आहे, म्हणून ड्यूटी संपल्यावर बसून उत्तर देते. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये आहे.

आमच्याकडे मॉप, गॉज, सुया यांची मोजणी होते. सुरू करायच्या आधी, पोट बंद करायच्या आधी आणि शेवटी कातडी शिवताना. एक गॉज कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, थांबावं लागतं. तिथे "चालतंय की" नाही. पण नीट बघा, ही मोजणी एकटी सिस्टर मनात करत नाही, दोघी मोठ्याने करतात आणि फळ्यावर लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली, भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी वाचायची. त्याच्या मुळाशी काय आहे? की माणूस चुकणार. हुशार माणूस पण चुकणार, दमलेला तर चुकणारच. ते धरून चालायचं आणि चूक वेळेत सापडेल अशी पद्धत लावायची.

परफेक्शनिस्ट माणूस याच्या बरोब्बर उलटा असतो, मी चुकताच कामा नये म्हणतो. आणि म्हणून चूक झाली की लपवतो. माझ्याकडे एक नवीन मुलगी होती, अतिशय टापटीप. एकदा ट्रेवरचं एक इन्स्ट्रुमेंट तिच्या हाताने अनस्टराइल झालं आणि ती बोलली नाही, नुसती पांढरी पडली. मी बघितलं म्हणून कळलं. सेट बदलला, दोन मिनिटं गेली, पेशंटला काही झालं नाही. नंतर चेंजिंग रूममध्ये ती अर्धा तास रडत होती की मॅडम आता माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी तिला म्हटलं, तू बोलली असतीस तर जास्त ठेवला असता. आज ती नवीन मुलींना शिकवते आणि पहिल्या दिवशी स्वतःचा हाच प्रसंग सांगते.

तेव्हा दादा, मुलाला स्टेप्स लिहायला लावा, त्या चेकलिस्टसारख्याच आहेत, चूक कुठे झाली ते सापडतं. पण चूक सापडल्यावर ओरडू नका.

आणि कणीस ताई, बॅरल मात्र आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचाच हं. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर कोरडा दिवस पाळायला सांगतात, आणि अंडी काठाला चिकटलेली असतात म्हणून घासणं लागतं. पण हंड्याच्या चकाकीचा आणि झाकणांच्या ओळीचा डासाशी काही संबंध नाही.

---

सात_रस्ता_रोखठोक | दुपारी ३:२०

सिस्टर, पटलं. शेवटचं वाक्य जरा लागलं मनाला. बघतो.

---

मनमोकळी | रात्री ८:१०

शाळांमध्ये समुपदेशन करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा. थोडी माहिती देते, म्हणजे ताईंना आपण एकट्याच असे आहोत असं वाटणार नाही.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून अचूकतेची मागणी, दुसऱ्यांकडून मागणी, आणि तिसरा म्हणजे "लोकांना माझ्याकडून अचूकच हवंय, नाहीतर ते मला नापसंत करतील" ही भावना. तिसरा सगळ्यात त्रासदायक, कारण मागणी बाहेरून येतेय असं वाटतं आणि ती कधी पूर्णच होत नाही. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेजच्या मुलांची १९८९ ते २०१६ दरम्यानची माहिती एकत्र करून बघितली, तिन्ही प्रकार वाढलेले, पण हा तिसरा सगळ्यात जास्त, ३३ टक्क्यांनी. तो अभ्यास तिकडचा आहे. पण माझ्यासमोर जी मुलं बसतात ती "मला हे हवंय" असं फार कमी बोलतात, "मला हे यायला पाहिजे" हेच जास्त.

या "पाहिजे"वर कॅरेन हॉर्नी यांनी १९५० मध्येच लिहून ठेवलंय, माणूस स्वतःवरच "असंच असायला पाहिजे"ची जुलूमशाही चालवतो. आणि अल्बर्ट एलिस, ज्यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडेही वापरतात, त्यांचा सगळा भर या हट्टाचं इच्छेत रूपांतर करण्यावर. मराठीत तर हे फार सोपं आहे, तो एक "च" काढायचा. ताई, तुमची पोस्ट परत वाचा. "घासलाच पाहिजे, लखलखीतच झाले पाहिजेत." आता "हंडे लखलखीत झाले तर बरं वाटेल" असं मोठ्याने म्हणून बघा. हंडा तोच, चिंच तीच, पण झाले नाहीत तर जग बुडत नाही.

नुसतं समजून मात्र काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. करून बघावं लागतं. मुद्दाम एक छोटी गोष्ट थोडी कमी करायची, आधी कागदावर लिहायचं की काय वाईट होईल असं वाटतंय, आणि नंतर खरंच काय झालं ते खाली लिहायचं. पहिल्यांदा जीव नुसता वरखाली होतो. दहाव्या वेळी कमी होतो. लेकीला नुसतं "चुकलं तरी चालतं गं" सांगू नका, तुमचं स्वतःचं चुकलेलं तिला दिसू द्या.

अजून एक. विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली. आई हळूहळू, मुलाला झेपेल एवढी कमी पडते आणि त्यातूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. म्हणजे तुम्ही पूर्ण पुरणं हे मुळात अपेक्षितच नाहीये.

आणि हे महत्त्वाचं: मुलीची झोप उडाली, जेवण कमी झालं, शाळेलाच जाईना झाली, किंवा तीच गोष्ट तासन्‌तास परत परत करत राहिली, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलली, तर वाट बघू नका, तज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं.

---

कडक_भाकरी | रात्री ९:४५

पोरींनो, माझं वय ६७. सुनेच्या फोनवरून लिहितेय.

आमच्या घरी पाहुणा आला की माझी कडक भाकरी पापडासारखीच लागायची, शेंगाची चटणी उखळात कुटलेलीच, मिक्सरची मी कोणाला वाढली नाही. लोक नाव काढायचे. अक्कलकोटची माझी मोठी बहीण दोन वर्षांमागे चार दिवस राहायला आली होती. मी चार दिवस स्वयंपाकघरात. भाकरी मंद आचेवर वाळवायची, कडा वर आल्या की फडक्याने दाबायच्या, हात सोडून चालत नाही. ती उंबऱ्यावर येऊन बसायची, म्हणायची ये गं, बस जरा, मऊच दे भाकरी, माझे दात तरी कुठं आहेत आता. मी म्हणायचे झालंच, एवढी उतरवते. तीनदा म्हणाली ती. मला आठवतंय, तीनदा.

त्या वैशाखात ती गेली. तिला काय सांगायचं होतं मला माहीत नाही.

आता कोणी आलं की सून भाकरी टाकते, मऊ, कधी जाड. मी बाहेर बसते.

---

ज्वारीचं_कणीस | रात्री १०:३०

काकू... मी तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सगळ्यांचं वाचतेय. आज ऑफिसमध्ये एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते. मी हिशोबातली बाई, ताळेबंद जुळलाच पाहिजे हे माझ्या हाडात आहे. पण आज बिलं करताना बघितलं, प्रत्येक बिलाच्या खाली मी रोज एक एंट्री टाकते, राऊंड ऑफ. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येच आहे, कराची रक्कम जवळच्या रुपयात करायची, ५० पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यायचं. कायदा सोडतो पैसे! आणि ते सोडलेले पैसे गायब होत नाहीत, त्यांचं एक खातं असतं, राऊंड ऑफ नावाचं, वर्षाच्या शेवटी ते बघितलं तर काही ३२ पैसे इकडे काही ४० तिकडे, एकमेकांना खाऊन शेवटी किरकोळ काहीतरी उरतं. सोळा वर्षं मी हे खातं चालवतेय आणि घरी एक वाकडा 'प्र' मला सोडता आला नाही.

मनमोकळी ताई, वहीत "राऊंड ऑफ" असं लिहून पान पाडलंय. पहिली नोंद: पुढच्या पाण्याला हंडे चिंचेने घासायचे नाहीत. काय होईल वाटतं: सासूबाई बोलतील, मला दिवसभर चैन पडणार नाही.

---

हुतात्मा_पकडणारा | रात्री १०:५२

ताई मी पण पाडतो पान. मी आता एका कंपनीत आहे, काम अर्धंमुर्धं असतानाच टीम लीडला दाखवायचं असं ठरवलंय. पहिल्यांदा पाठवताना बोट बटणावर पाच मिनिटं होतं. तिने दोन बदल सांगितले, बास. मी एकटा बसलो असतो तर चार दिवस भलतीकडेच पॉलिश करत राहिलो असतो.

---

ज्वारीचं_कणीस | पाच आठवड्यांनी, पहाटे ५:२०

बरेच दिवसांनी लिहितेय, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा झाला, पाहुणे झाले.

सगळं छान झालं असं नाही सांगणार. लेकीने त्यानंतरही पानं फाडली. एकदा मी बोलायला गेले तर म्हणाली, तू तर माझं चित्रच बदललं होतंस. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलली. मी माफी मागितली. "पण" न लावता, नुसती माफी. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री माझ्याजवळ येऊन झोपली, नववीतली पोरगी.

प्रकल्प उशिरा दिला. बाईंना खरं कारण सांगायचं तिनेच ठरवलं. पहिल्या पानावर एक खाडाखोड आहे, एकच रेघ मारून खोडलंय आणि पुढे लिहिलंय. दहापैकी सात मिळाले, दोन मार्क उशिराचे गेले. खाडाखोडीचं बाईंनी नावही काढलं नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं.

हंड्यांचं: सासूबाई बोलल्याच. पण चैन पडलं नाही ते फक्त अकरापर्यंत, मग ऑफिसच्या कामात विसरून गेले. बॅरल मात्र सिस्टर म्हणाल्या तसा दर रविवारी घासते.

संक्रांतीला लेकीने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. तिसऱ्या ओळीपासून ठिपके खाली घसरत गेले होते. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून उभी होते, हात मोकळे राहिले असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. ती मधेच थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मार्गावरून मिरवणुकीतले नंदीध्वज जायच्या आधी पोचायचंय ना आपल्याला, आवर. तिने घसरलेल्या ओळीला धरूनच एक वेल सोडली खाली पायरीपर्यंत आणि हात झटकून उठली.

फोटो काढलाय, नंतर टाकते, नळाला हवा यायला लागलीय, पाणी येईल आता.

---

मागावरचा_माणूस | पहाटे ५:४१

आमच्याकडं पण आलं पाणी. फोटो टाका बाई, सून रांगोळी काढते, तिला दाखवतो.